डाव्या अंगाचा टहाळा

त्या दिवशी माझ्या मनात भक्ती नव्हती, नुसता संताप होता. म्हणून हा अनुभव सांगताना अजून लाज वाटते, आणि खरं सांगायचं तर रागही येतो.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. राजारामपुरीतले आम्ही बाराजण रोज सकाळी मिळून फिरायला जायचो. दसऱ्यानंतरच्या एका रविवारी दाजीपूरच्या जंगलात दिवसभराची पायपीट ठरली. म्होरके होते एक निवृत्त मास्तर. वाटेत खिंडीत शेंदूर फासलेला एक दगड लागला. माझं माहेर नेसरीकडचं. आमच्याकडे खिंडीतल्या देवाला जाताना डाव्या अंगाला हिरवा टहाळा ठेवतात आणि परतताना उजव्या. मी डहाळी मोडायला वळले, तर मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, शिकलेल्या माणसांनी तरी दगडापुढं वाकू नये." सगळे हसले. आमचे हेसुद्धा हसले! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मुद्दाम हातभर टहाळा तोडला, वेणीतला अबोलीचा गजरा सोडून त्याला बांधला आणि दगडाच्या डाव्या बाजूला आपटला. हात काही जोडले नाहीत.

परतताना दुपार कलली होती, धुकं उतरत होतं. मी ह्यांना सांगून आडोशाला गेले. ह्यांनी "हूं" म्हटलं. बाहेर आले तर वाटेवर कुणी नाही. लांबून मास्तरांचा आवाज आला, "आले का सगळे?" त्यावर सर्वांत मोठ्यानं कोण ओरडलं असेल? माझा नवरा! "आलो की सगळे!"

मी हाका मारत धावले आणि धुक्यात भलत्याच वाटेला लागले. मला साखरेचा आजार, सकाळी सुई घेतलेली, आणि खाण्याची पिशवी ह्यांच्या खांद्यावर. तासाभरात हात थरथरू लागले, दरदरून घाम फुटला. अशा वेळी गोड पोटात गेलं नाही तर शुद्ध जाईल, जीवही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी खडकावर बसले आणि देवालाच फैलावर घेतलं. तुझ्यापायी चारचौघांत हसू करून घेतलं, त्याचं हे फळ का? भांडता भांडता त्राण संपलं. शेवटी "तुला करायचं ते कर" एवढंच म्हटलं आणि डोळे मिटले.

"ओ अबोलीवाल्या बाई!"

डोळे उघडले तर समोर घोंगडी पांघरलेली एक म्हातारी धनगरीण. माझी अवस्था बघून तिनं कमरेच्या पिशवीतला गुळाचा खडा माझ्या तोंडात कोंबला. जरा तरतरी आल्यावर मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं?

"डाव्या अंगाला टहाळा हाय, उजव्या अंगाला न्हाय. तुमची माणसं तर गप्पा हाणत कवाच गेली. म्हटलं, फुलं बांधणारी बाई माघारी आली न्हाय. मग आले हुडकत."

अकरा शिकलेल्या माणसांना जे कळलं नाही, ते हिला एका फांदीवरून कळलं.

तिच्या आधारानं खिंडीत पोचले, तोवर गाडीत बसताना बायको आठवलेला माझा नवरा मास्तरांना घेऊन धापा टाकत वर आला होता. ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी परतीचा टहाळा उजव्या अंगाला ठेवला आणि या वेळी गुडघे टेकून डोकं ठेवलं. ह्यांनीही मुकाट्यानं डहाळी मोडली आणि म्हातारीला विचारलं, "मावशी, मी कुठल्या अंगाला ठेवू?"

"तुमी दोनी अंगाला ठेवा की," ती म्हणाली. मास्तर खाली बघत उभे होते.

ह्यांना मी पुढं माफ केलं, पण बरेच दिवस लावले. देवानं मात्र माझा राग मनावर घेतला नाही. स्वतःला त्याच्या हाती सोपवायला मन आधी निर्मळ असावं लागतं, असं मी समजत होते. मी तर त्याच्यापुढं फांदी आपटली होती, आणि त्यानं तीच माझी खूण म्हणून जपली.