अक्काची हिरवी बाटली

अक्काला भुतांची भीती वाटत नसे. तिला भुतांच्या घराची अवस्था बघवत नसे. टीव्हीवरच्या खेळातली ती पोलीस पोरगी पिस्तूल रोखून मुडद्यांनी भरलेल्या हवेलीत शिरली, की आम्ही पोरं एकमेकांना चिकटायचो आणि मागून अक्काचा आवाज यायचा, "एवढी मोठी हवेली, पण जळमटं काढायला कुणाला सवड नाही." जिन्यावरून एखादा मुडदा लटपटत खाली आला, तर ती त्याच्या मळक्या सदऱ्यावर बोलायची. त्याच्या दातांकडे तिचं लक्षच नसायचं.

अक्का म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. चिक्कडपल्लीत तिचं दोन खोल्यांचं घर होतं. काका लवकर गेले, मुलाला, मकरंदला, तिने एकटीने वाढवलं. गल्लीतली तेलुगू मंडळीही तिला अक्काच म्हणायची. परदेशी माल बाजारात नुकता कुठे दिसू लागला होता, तेव्हा मकरंदने हट्ट करकरून टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र मिळवलं होतं. मी मलकपेठेत राहायची. रविवारचं जेवण उरकलं, की बस पकडून मी चिक्कडपल्ली गाठायची.

खेळायचो मकरंद आणि मी आलटूनपालटून, पण खेळ चालवायची अक्काच. मागे पलंगावर मेथीची जुडी घेऊन ती बसायची. बटणांना तिने कधी बोट लावलं नाही. "हात तुमचे, डोळे माझे," असं तिचं म्हणणं होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. घड्याळामागची किल्ली तिने शोधली. जिन्याखालच्या फडताळात मुडदा दबा धरून बसलाय, हे तिने नुसत्या किलकिल्या दारावरून ओळखलं. "फडताळ उघडं टाकून कोण जातंय? आत कुणीतरी आहे बघ," ती म्हणाली, आणि खरंच होता. आमच्या हातून मेथीची एक काडी कधी निवडून झाली नाही, पण अक्का दोन्ही कामं एका नजरेत करायची.

एका बाबतीत मात्र तिच्याशी आमचं कायम वाजायचं. जखम भरून यायला त्या पोरीला हिरव्या औषधाची बाटली प्यावी लागे. बाटल्या मोजक्याच असत. पोरगी लंगडू लागली, भिंत धरून चालू लागली, तरी मागून हुकूम यायचा, "राहू दे. पुढं लागेल." बाटल्या हवेलीतल्या पेटीत जमा होत राहायच्या. तिच्या घरातही हाच कायदा होता. लोखंडी कपाटात कोऱ्या चादरींची चळत होती, आणि आम्ही मात्र मधोमध ठिगळ लावलेल्या चादरीवर लोळत असू. शेवटी एकदाची पोरगी हवेलीतून जिवंत सुटली, तेव्हा मागे पेटी बाटल्यांनी गच्च भरलेली होती. मकरंद कपाळावर हात मारून घेत होता. अक्का मात्र अगदी कौतुकाने म्हणाली, "बघा, एवढं उरलं."

पुढे मकरंद शिकून अमेरिकेला गेला. यंत्र माळ्यावर गेलं. मला इथेच हायटेक सिटीत नोकरी लागली आणि माझे रविवार झोपेत जाऊ लागले. मकरंद वाईट मुलगा नव्हता. दर फोनला तो तिला बोलवायचा. एकटीने राहू नकोस, चल, म्हणायचा. अक्काचं उत्तर ठरलेलं असे, "खामखा परेशान होऊ नकोस. मला ह्या घरात डोळे मिटून सगळं सापडतं." हे ऐकून आम्ही हसायचो. म्हातारीचा हेका, असंच आम्हाला वाटायचं.

एकदा सुट्टीवर आला तेव्हा मकरंदने एक नवीन चीज आणली. हातात मावणारं, पावडरीच्या डबीसारखं उघडणारं यंत्र, त्याला वर एक पडदा आणि खाली एक. आणि त्यात तोच आमचा खेळ, नव्याने केलेला. तीच हवेली, तीच पोरगी. वरच्या पडद्यावर हवेलीचा नकाशा तेवढा जास्तीचा. जाताना तो ते माझ्या हातात देऊन गेला आणि अक्काकडे जात जा म्हणाला. माझे रविवार पुन्हा चिक्कडपल्लीत जाऊ लागले.

इवल्याशा पडद्यापुढे दोघींनी बसायचं म्हणजे गालाला गाल लावूनच बसावं लागे. अक्काच्या केसांना खोबरेल तेलाचा वास यायचा. मेथी नव्हती, आता निवडलेलीच भाजी विकत घेते म्हणाली. पण जीभ तीच होती. "आता डावीकडं वळ. जिन्याखालचं फडताळ, सावध. घड्याळामागं हात घाल." एकही चूक नाही. एवढ्या वर्षांनी तिची नजर तशीच आहे, ह्याचा मला कोण आनंद झाला होता.

हवेली एकदा पार केली. नवीन खेळात दुसरी फेरी होती. तीत घर तेच ठेवून खेळ बनवणाऱ्यांनी मुडद्यांच्या आणि किल्ल्यांच्या जागा बदलल्या होत्या. मी ती सुरू केली. जिन्याखालचं फडताळ बंद होतं. जिन्याच्या तोंडाशीच, पडद्याच्या बरोबर मधे, एक मुडदा हात पसरून उभा होता. अक्का माझ्या खांद्याशी टेकून शांतपणे म्हणाली, "फडताळापासून लांब रहा आणि सरळ जा. रस्ता मोकळा आहे."

मी वळून पाहिलं. ती यंत्राकडे बघत होती, पण जराशी बाजूला, माझ्या मनगटाकडे.

"अक्का, समोर काय दिसायलंय तुला?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाली, "मकरंदला सांगू नकोस गं. तो मला उचलून नेईल. तिथल्या घरात मी चूल कुठं शोधू?"

काचबिंदू होता. डॉक्टरांनी दोनेक वर्षांपूर्वीच सांगून रोज घालायचे थेंब दिले होते. अक्का ते डोळा ठणकला तरच घालायची. कपाट उघडलं तर कोऱ्या चादरींच्या बाजूला थेंबांच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या, बहुतेकांचं झाकणही न फोडलेलं. मी विचारलं, हे काय. "रोज घातले तर संपतील की," ती म्हणाली. मला रडू फुटलं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, आणि उलट तीच माझी समजूत घालत बसली.

डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखता येते. मकरंदला मी सांगितलंच. तो फोनवर आधी भडकला, मग तिला घेऊन जायला आला. त्याला मी एवढंच म्हटलं, की हिला ह्या घरातून काढलंस तर त्याच दिवशी ही आंधळी होईल. तो एकटाच परत गेला, आणि मलकपेठेची खोली सोडून मी अक्काकडे राहायला आले. सकाळ-संध्याकाळ थेंब मी घालायची. ती वर तोंड करून बसायची आणि थेंब गालावर ओघळला की मला झापायची.

रविवारचा खेळ थांबला नाही. आता समोरचं सारं मी तिला सांगायची, पोरगी कुठे उभी आहे, कोण येतंय, भिंती किती मळल्या आहेत. एका रविवारी पोरगी पार लंगडत होती. मी म्हटलं, पिशवीत एक हिरवी बाटली आहे, पेटीत ठेवते.

"कशाला?" अक्का म्हणाली. "दुखायलंय ना तिला? पिऊ दे."

मी बाटली पाजली. पोरगी ताठ उभी राहिली, तेही मी तिला सांगितलं. अक्काने मान हलवली आणि जरा वेळाने म्हणाली, कपाटातली एक नवी चादर काढ, ती निळ्या काठाची, आहे का अजून बघ. होती. त्या रात्री आम्ही दोघी कोऱ्या चादरीवर झोपलो. नव्या कापडाने अंगाला खाज सुटते, अशी तिने तक्रारही केली.

पुढची चार-पाच वर्षं अक्का त्याच घरात, चुलीपासून नळापर्यंत एकटीने वावरली. एका डोळ्यात शेवटपर्यंत खिडकीचा उजेड उरला होता. ती गेली तेव्हा मकरंद उशाशी होता, आणि तिने त्याला हात लावून ओळखलं. दिवसकार्य झाल्यावर आम्ही दोघांनी मिळून लोखंडी कपाट आवरायला काढलं. सगळ्या चादरी धुऊन धुऊन मऊ झालेल्या होत्या. कोरी अशी एकही निघाली नाही.