फायर लाइनवरची हाक

आमच्या बापानं छप्पन साली धम्मदीक्षा घेऊन घरातले देव बावनथडी नदीत सोडले, त्यांच्यासोबत भूतंही गेली. त्यामुळे असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आजही नाही... पण हे सांगतो, तुम्हीच बघा.

सदुसष्ट-अडुसष्टचा उन्हाळा. बालाघाट जिल्ह्यात, तिरोडीजवळच्या जंगलात मी रोजंदारीवर आगीचा चौकीदार होतो. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवतात, आणि कोणाची तरी आग हाताबाहेर जातेच. मग आमची पद्धत अशी — गवत काढून साफ केलेल्या पट्ट्यावर, म्हणजे फायर लाइनवर, उभं राहायचं आणि येणाऱ्या आगीच्या अंगावर आपणच दुसरी आग सोडायची. दोन्ही भेटल्या की जाळायला काही उरत नाही. पण त्याआधी तीन हाका. आत फुलं वेचणाऱ्या बायका असतात, म्हणून काडी लावणारा आपल्याच बायकोचं नाव घेऊन ओरडायचा. आपलं माणूस आत आहे म्हटलं की आवाज पोटातून निघतो.

त्या दुपारी मी ओरडलो, "शेवंताऽऽ..."

आतून उत्तर आलं, "थांबा नं, येऊन राह्यली."

शेवंताचाच आवाज. सकाळी ताप आहे म्हणून ती घरी राहिली होती, आणि घर तीन मैलांवर. मनात पहिलं हेच आलं — खोटं बोलली. चोरून मोहाला आली, आणि ही आगही हिनंच लावली.

"लगाओ भाई, क्या देख रहे हो?" आमच्यावरचा जंगलखात्याचा नाकेदार खेकसला. त्याला काही ऐकूच आलं नव्हतं.

दुसरी हाक दिली. "थांबा म्हनलं नं."

मी काडेपेटी खिशात घातली. नाकेदार ती हिसकावू लागला, आमची झोंबाझोंबी झाली... तेवढ्यात धुरातून दोन बायका खोकत बाहेर आल्या. नाल्यात सावलीला झोपल्या होत्या, माझी एकही हाक त्यांनी ऐकली नव्हती. मी ठरल्याप्रमाणे काडी टाकली असती, तर त्या आतच राहिल्या असत्या.

"शेवंता कोठी हाय?" मी विचारलं.

"ते तं आलीच नाही, भाऊ."

तिसरी हाक मी रडत दिली. उत्तर नाही. काडी नाकेदारानंच लावली, आणि मी घराकडे पळत सुटलो.

शेवंता चुलीपुढे पेज ढवळत होती. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "दोन खेपा हाका मारल्या अन् गेलते कोठी? थांबा म्हनलं तं थांबाले काय झालं?"

मी तिची नखं पाहिली, राख नव्हती. लुगड्याला धुराचा वास होता, पण तो चुलीचाही असतो. शेजारीण म्हणाली, सकाळपासून घरीच हाय. पण शेजारीण तिचीच मैत्रीण, तिच्या शब्दाचं काय घेऊन बसता?

पुढे मी दोनदा त्या फायर लाइनवरूनच, तिला न सांगता, हाक मारून पाहिली. संध्याकाळी विचारलं, काही ऐकलंस का? "नाही बाप्पा, काहून?" मग त्या दिवशी कसं, ते तिलाही सांगता येत नाही. माझा संशय पुरता गेलेला नाही, उगाच खोटं कशाला बोलू?

आता तिला कमी ऐकू येतं. बाजूच्या खोलीतून हाक मारली तरी ओ देत नाही. तरी गॅस पेटवायला काडी ओढण्याआधी मी एकदा "शेवंता" म्हणतो, आणि जरा थांबतो.