कर्ण्यातल्या सासूबाई

नवऱ्याची बँकेत बदली झाली आणि आम्ही सासू-सासऱ्यांसकट कोलकात्याला आलो. बालीगंजच्या आसपास राहणाऱ्या मराठी बायकांचा आमचा एक गट आहे. हळदीकुंकवापलीकडे काहीतरी करावं, असं गटातल्या एकीच्या मनात आलं. ती आयटी कंपनीत असल्यामुळे तिच्या मनात आलेलं टळत नाही. ‘बाई आणि गाणं : जात्यापासून लॅपटॉपपर्यंत’ असा कार्यक्रम ठरला आणि ती दिग्दर्शिका झाली. कोणी जात्यावर ओव्या म्हणायच्या, कोणी मैफलीत मागे बसून तंबोरा छेडायचा, कोणी पडद्याआडून सिनेमाचं गाणं गायचं आणि शेवटी तिच्या मुलीने डीजे व्हायचं.

सासूबाईंच्या वाट्याला तंबोरा आला. त्या भयंकर दुखावल्या.

“लग्नाआधी गाणं शिकत होते मी. नंतर गायले ते कुकरच्या साथीला. आता एकदाची स्टेजवर चढतेय, तर मागे बसू?”

सासरे पेपरातून म्हणाले, “अगं, तंबोऱ्याशिवाय गाणं उभं राहतं का?”

“मग तुम्हीच बसा साडी नेसून.”

मानाची भूमिका होती ती ग्रामोफोनसाठी पहिल्यांदा गाणाऱ्या बाईची. दिग्दर्शिकेने आम्हाला समजावलं की, घरंदाज बायकांना तेव्हा रेकॉर्डवर गाणं कमीपणाचं वाटे, म्हणून कोठीवर गाणाऱ्या बायका पुढे आल्या. माइक नव्हता. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, वरचा सूर आला की रेकॉर्ड बिघडू नये म्हणून कोणीतरी गाणारीला मागे ओढायचं, आणि गाणं संपताच तिने स्वतःचं नाव ओरडून सांगायचं, म्हणजे रेकॉर्ड कोणाची ते कळावं. मला गाता येत नाही, म्हणून ओढायचं काम माझ्याकडे आलं.

कर्णा दुर्गापूजेचे मंडप उभारणाऱ्या एका कारागिराने पत्र्याचा करून दिला. दरवर्षी राजवाडे उभारणारा माणूस तो, त्याला बेतशीर काही जमतच नव्हतं. दोन रिक्षावाल्यांनी नकार दिल्यावर कर्णा टेम्पोतून आला. सोनेरी रंग अजून ओलाच होता.

कार्यक्रमाच्या सकाळी ग्रामोफोनवालीचा आवाज बसला. आदल्या दिवशी एस्प्लनेडला खरेदी करताना तिने हौसेने फुचका, म्हणजे इथली पाणीपुरी, खाल्ला होता, वर बर्फाचा गोळाही. तिच्या तोंडून नुसती हवा येत होती. दिग्दर्शिका खुर्चीत कोसळली. सासूबाईंनी तंबोरा अलगद खाली ठेवला.

“मला एक दादरा येतो,” त्या म्हणाल्या.

संध्याकाळी हॉल भरला होता. शेजारचे बंगाली लोकही आले होते. सासूबाईंनी अंबाड्यावर मोगऱ्याचा भलाथोरला गजरा माळला होता. सुरुवात झकास झाली. पहिला वरचा सूर आला, मी पदर धरून ओढलं. त्या मागे आल्या आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की दुसऱ्या सुराला माझा हातच उठेना. सासूला ओढायचं, तेही चारचौघांत! त्या रंगात येऊन पुढे सरकल्या, आणखी पुढे सरकल्या, आणि गजऱ्यासकट अंबाडा कर्ण्यात गेला. मग मी ओढलं. काही हललं नाही.

“आई, अडकलात?” मी कुजबुजले.

“गाऊ दे गं!” आतून आवाज घुमला. तो सगळ्या हॉलने ऐकला.

आणि त्या गात राहिल्या. बिनडोक्याची नऊवारी हातवारे करत होती आणि कर्ण्यातून असा खणखणीत दादरा येत होता, की हसणारे लोकही हळूहळू गप्प झाले. एक बंगाली आजोबा उभे राहून “दारुण! दारुण!” ओरडायला लागले; बंगालीत ती वाहवा असते. मग वन्समोअर मिळाला. तोही त्यांनी आतूनच दिला.

गाणं संपलं. मी आणि दिग्दर्शिकेने मिळून हिसका दिला, तशी कर्ण्यातून सासूबाई निघाल्या. नाक सोनेरी, केस मोकळे, गजरा आत. त्यांनी श्वास घेतला आणि प्रेक्षकांकडे बघून ठणकावून नाव सांगितलं.

ते नाव आम्ही कोणी कधी ऐकलं नव्हतं.

“आईने हे कोणाचं नाव घेतलं?” मी खाली उतरताच नवऱ्याने विचारलं. मी खांदे उडवले. सासरे मात्र टाळ्या वाजवता वाजवता थांबले होते.

“तिचंच आहे,” ते हळूच म्हणाले. “माहेरचं. लग्नात मी बदललं. माझ्या नावाला शोभेल म्हणून.”

घरी येताना टॅक्सीत सासूबाई खिडकीतून बाहेर बघत दादरा गुणगुणत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून आजूबाजूच्या बंगाली बायका त्यांना त्याच नावापुढे ‘दी’ लावून हाक मारू लागल्या. दोघीतिघी तर दादरा शिकायलाही येतात. सासऱ्यांनीही ते नाव एकदा घेऊन पाहिलं. सासूबाई अशा काही लाजल्या, की सासरे गोंधळले. नव्याने ओळख झालेल्या बाईला एकदम चहा कसा सांगायचा, म्हणून हल्ली ते स्वतःच करून घेतात. दोघांचा.