ठिपके नसलेला टर्बो

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण नट दहाचा की बाराचा हे मी चार हातांवरून सांगते. नवऱ्याचं भोकरदनला गॅरेज होतं. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात त्यानं मला रॉकेलच्या घमेल्यापुढं बसवलं. सुटे भाग धुवायचे, पुसायचे आणि पोत्यावर ओळीनं मांडायचे. मग व्हॉल्व्ह घासायला शिकले, मग इंजिन उतरवायला हात लावू लागले. लोक हसायचे. हसून दमले.

नवऱ्याच्या दोन सवयी होत्या. इंजिनातून धूर बाहेर जातो त्या बाजूचा कुठलाही नट बसवताना तो पेन्सिलीचं शिसं खरवडून ग्रीसमध्ये कालवायचा आणि ते आट्यांना लावायचा. तापून लाल झालेले नटसुद्धा त्यामुळं पुढं दहा वर्षांनी पान्याचं ऐकायचे. दुसरी सवय म्हणजे, बसवलेल्या भागावर पंचनं शेजारी शेजारी दोन ठिपके मारायचा. "ही माझी सही," म्हणायचा.

गॅरेजात एक जण त्याच्या हाताखाली अकरा वर्षं राहिला. जालन्याचा, मुसलमान. नवऱ्याला उस्ताद म्हणायचा, मला भाभी. मला भाऊ नाही. भाऊबीजेला भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, तसं मीही अंगणात उभी राहून ओवाळायचे. एका वर्षी हा ते बघत होता. म्हणाला, "भाभी, चांदला जेवायला वाढता येत न्हाई. मला येतं." आणि जाऊन पाटावर बसला. तेव्हापासून दरवर्षी. पुढं त्यानं नवीन जालन्यात स्टेशनच्या बाजूला स्वतःचं गॅरेज टाकलं, लेकराबाळांचा झाला, तरी भाऊबीज त्यानं चुकवली नाही.

दोन हजार सालानंतर आम्ही गॅरेज बंद करून केदारखेड्याला राहायला आलो. सोबत एक जुनी डिझेल जीप होती, मागं मोठ्या अक्षरात टर्बो लिहिलेली. दिराचं घर पलीकडच्या गल्लीत, त्याच्याकडंही तसलीच गाडी. त्याच्याशी माझं बोलणं नव्हतं. सासू आठ महिने अंथरुणावर होती, तिचं हगणंमुतणं मी काढलं, आणि तेराव्याला दिरानं चार माणसांत सांगितलं की म्हातारीला हिनं उपाशी ठेवलं. त्या दिवशी मी नवऱ्याकडून शब्द घेतला. त्या घराशी आपला संबंध नाही. त्यानं दिला.

पुढं नवऱ्याला लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, डोकं शाबूत राहिलं. दर बुधवारी त्याला जालन्याला हाताच्या व्यायामाला न्यावं लागे. गाडी मीच चालवायचे. त्यानंच मला शेतात शिकवली होती. त्या उन्हाळ्यात गाडी राजूरच्या चढाला मरायला लागली. काळा धूर टाकायची आणि मागून बैलगाडी येऊन गाठेल अशी चालायची.

टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. जोर फार झाला तर बाजूची एक झडप उघडते आणि जादा धूर दुसरीकडून जातो. त्या झडपेला वेस्टगेट म्हणतात. एक डबी आणि दांडी तिला हलवते. आमची झडप उघडी राहून अडकली होती, त्यामुळं पंख्याला धूरच मिळत नव्हता. बुधवारी जालन्याहून नवी झडप, दांडी आणि डबी आणली. नवऱ्याची बाज लिंबाखाली टाकली. तो सांगणार, मी करणार.

"चार नट हैत," तो म्हणाला. "अर्ध्या घंट्याचं काम."

दोन निघाले, तेही कुरकुरत. तिसऱ्यावर पाना घसरला आणि माझी बोटं लोखंडावर आपटली. डिझेलमध्ये भिजवलेली चिंधी रात्रभर गुंडाळून ठेवली. दुसऱ्या दिवशी ब्लोलॅम्पनं लाल केला, मेणबत्ती टेकवली, म्हणजे मेण वितळून आट्यात उतरतं. हातोडीनं ठोकला. हलला नाही. नट गोल झाला.

"तुमचे नट असं कवा करीत न्हाईत," मी म्हणाले.

"गंजला असंल."

"शिसं लावलेला नट गंजतो व्हय?"

तो म्हणाला, "कानशीनं घास, दोन बाजू काढ, पकड बसंल." मी दिवसभर घासत बसले. तो बाजेवरून बघत होता. मधे एकदा म्हणाला, "राहू दे, जालन्याला टाकू." मला वाटलं, माझी कीव आली.

तिसऱ्या दिवशी दोन्ही नट निघाले. आटे सुके होते. शिशाचा काळा चट्टा कुठंच नव्हता. मी टर्बो रॉकेलनं धुतला, उलटसुलट करून पाहिला, चष्मा लावून पाहिला. ठिपके नव्हते.

हा आमचा टर्बो नव्हता. आमचा नवऱ्यानं स्वतः माझ्यासमोर बसवला होता आणि पंच मी हातात दिला होता. त्यानंतर गाडी परक्या हाताखाली एकदाच गेली होती. मागल्या वर्षी क्लचच्या कामाला चार दिवस, भाऊबीजेला येणाऱ्याच्या जालन्यातल्या गॅरेजात.

मी नवऱ्याला सांगितलं. त्यानं प्यायला पाणी मागितलं. मी शेजारच्या घरी जाऊन जालन्याच्या गॅरेजात फोन केला. काय झालं ते फोनवर सांगितलं नाही, नुसतं ये म्हणाले. तो हातातलं काम टाकून दुपारपर्यंत आला. येताना उस्तादाला केळी घेऊन आला.

मी टर्बो त्याच्या पायाशी ठेवला. "ठिपके दाखव," म्हणाले.

त्यानं वाकून पाहिलं. मग माझ्याकडं नाही, बाजेकडं पाहिलं.

"तिकडं काय बघतो? त्याचा हात गेला म्हणून डोळे गेले वाटलं का तुला?"

"भाभी, ऐकून घ्या जरा..."

"अकरा वर्षं माझ्या हातची भाकर खाल्ली. त्या भाकरीला तरी जागायचं व्हतं. आमचा चांगला माल काढून भंगार बसवलंस. गिऱ्हाइकाला लावला असंल. चोर."

शेजारपाजारच्या बायका भिंतीवरून बघत होत्या. मी आवाज खाली घेतला नाही. तो परत बाजेकडं पाहून म्हणाला, "उस्ताद?"

नवरा जमिनीकडं बघत होता. डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एक एक सरळ करीत होता, दवाखान्यात शिकवलं तशी.

 त्यानं केळी बाजेच्या पायाशी ठेवली आणि म्हणाला, "ठीक है. मीच घेतला समजा." आणि मोटारसायकल चालू करून गेला.

मी तेवढ्यावर थांबले नाही. नवऱ्याला म्हणाले, बुधवारी जालन्याला गेले की स्पेअरपार्टच्या दुकानादुकानात सांगते, याच्याकडं कुणी गाडी टाकू नका. तेव्हा कुठं तो बोलला. शब्द ओढत, पण सगळं बोलला.

दिराच्या पोराचं लग्न होतं. आदल्या दिवशी त्यांच्या गाडीचा टर्बो मधूनमधून अडकायला लागला. आमची गाडी जालन्याला क्लचसाठी उभी होती. दीर नवऱ्याकडं गेला. नवऱ्यानं जालन्याच्या गॅरेजात बसून, ज्याला मी चोर म्हणाले त्याच्याच हातून, आमचा टर्बो काढायला लावला आणि भावाच्या गाडीला चढवला. त्यांचा भंगार आमच्या गाडीला लावला. घाईत शिसं कुणी लावलं नाही. हिला कळू देणार न्हाईस, अशी त्याला शपथ घातली. लग्न झालं की परत करू ठरलं होतं. दिरानं परत केला नाही. मग लकवा झाला.

"तो हितं उभा व्हता," मी म्हणाले. "तुमच्याकडं बघू राह्यला व्हता. तवा का बोलला न्हाई?"

"तू भांडली असतीस."

"मंग त्याला चोर म्हणू दिलं?"

"तो आपलाच हाय. समजून घेईल."

"आन् तीन दिवस मी घासू राह्यले ते?"

तो पुन्हा बोटं सरळ करायला लागला. मी परत विचारलं नाही. तोंडावर मी त्याला शेवटपर्यंत अहोच म्हणाले. लिहिताना तो लिहिते.

काम मी त्याच दिवशी पुरं केलं. रागात माझा हात बराबर चालतो. अडकलेली झडप तापवून ठोकून बाहेर काढली, नवी बसवली. नवी डबी सायकलच्या पंपाला जोडून पाहिली. पंप मारला की दांडी पुढं, सोडला की मागं. नटांना शिसं लावलं. दुसऱ्या दिवशी गाडी राजूरचा चढ न रडता चढली.

बुधवारी नवऱ्याला व्यायामाला सोडलं आणि मी स्टेशनजवळच्या गॅरेजात गेले. सरळ सांगितलं, "मला कळलं. माझी चूक झाली. सगळ्यांसमोर बोलले, सगळ्यांसमोर माफी मागते." त्याची माणसं काम थांबवून बघत होती.

तो हात पुसत म्हणाला, "कसम व्हती भाभी. उस्तादांनी सोडवली असती तर बोललो असतो." मग चहा मागवला. चहा पिऊन झाल्यावर विचारलं, "उस्तादांनी काही निरोप दिला?"

"न्हाई," मी म्हणाले. खोटं बोलता आलं असतं.

निघताना मी म्हणाले, "भाऊबीजेला ये."

"बघतो."

दिवाळीत मी पाट मांडला, ताट वाढलं. दुपार गेली, दिवेलागण झाली. तो आला नाही. शेवटी निरांजन घेऊन अंगणात गेले आणि चंद्राला ओवाळलं, बारा-तेरा वर्षांनी. नवरा बाजेवर होता.

"येईल पुढल्या वर्षी," तो म्हणाला.

"गप बसा," मी म्हणाले. "ते तुम्हाला बराबर जमतं."