रोजचा कढीपत्ता

म्हातारपणी माणूस देवाच्या जवळ जातो म्हणतात. माझं उलटंच झालं. बायको गेली, गुडघे कुरकुरायला लागले आणि मी चर्चला जाणं सोडलं. बाप्तिस्मा घेतला तो पिंपळनेरकडच्या आमच्या आजोबांनी. मला विश्वास आयता मिळाला होता आणि मी तो कधी तपासून पाहिला नव्हता. तपासणं हा खरं तर माझा धंदा. एसटीत तिकीट तपासनीस म्हणून उभी हयात गेली. कोण खिडकीबाहेर बघतंय, कोण झोपेचं सोंग घेतंय, हे गाडीत पाय ठेवताच कळायचं. मी निवृत्त झालो, माझी नजर काही निवृत्त झाली नाही.

पिंप्राळ्यातल्या घरात मी एकटाच राहतो. मुलगा नाशिकला आहे. मरणाची भीती मला नव्हती, भीती वेगळीच होती. पलीकडच्या कॉलनीत एक गृहस्थ असेच एकटे राहायचे. ते गेल्याचं दोन दिवस कोणाला कळलं नाही. तेव्हापासून दाराला कडी लावताना माझा हात अडखळायचा. एका दुपारी मी जवळजवळ भांडणाच्या सुरात प्रार्थना केली, "प्रभू, तू असशील तर एवढं कर. मी जिवंत आहे का, हे रोज एकदा कोणीतरी येऊन बघू दे." मग वाट पाहिली. चर्चच्या मंडळीतलं कोणी येईल असं वाटलं होतं. पाळकसाहेब एकदा आलेही, पण वर्गणीसाठी आले असतील असं समजून मी त्यांना फाटकातूनच वाटेला लावलं.

त्याच सुमारास समोरच्या ओळीतल्या अक्कांनी मला भंडावायला सुरुवात केली. साक्रीकडच्या शेतकरी घरातली ही विधवा बाई, मुलगी शिरपूरला दिलेली. रोज सकाळी सातला फाटक वाजायचं. "भाऊ, थोडा कढीपत्ता द्या ना." माझ्या अंगणात झाड आहे, एक डहाळी द्यायला माझं काही जात नव्हतं. पण एकट्या बाईला रोज? "इतका कशाला लागतो हो, अक्का?" विचारलं की म्हणायच्या, "फोडणीले." आणि डहाळी घेताना पानांकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघायच्या. कुठेतरी पाणी मुरतंय, याची मला खात्रीच झाली. कधी वाटे बाईचा घरावर डोळा आहे, कधी वाटे मुलानेच हिला माझ्या पाळतीवर ठेवलंय. एक दिवस पकडायचंच, असं मी ठरवून टाकलं.

मग एका सकाळी सात वाजले, साडेसात झाले, अक्का आल्या नाहीत. मी डहाळी तोडून फाटकाशी उभा. आपण ओळखलंय हे हिला कळलं वाटतं, असं म्हणत तरातरा त्यांच्या घरी गेलो. हाकेला उत्तर नाही. मागच्या अंगणात गेलो, तर धुण्याच्या दगडाजवळ अक्का पडलेल्या, पाय वाकडा, ओठ सुकलेले. आणि त्यांच्या डोक्यावर कढीपत्त्याचं झाड, माझ्या झाडापेक्षा चांगलं वाढलेलं. कबूल करतो, माझी नजर आधी झाडाकडे गेली आणि मला राग आला. त्याची लाज अजून वाटते.

शेजाऱ्यांनी त्यांना उचलून रिक्षात बसवलं. त्या कण्हत होत्या आणि मला काय विचारावंसं वाटलं? "घरी झाड असताना माझ्याकडे कशाला येत होता?"

अक्कांनी डोळे मिटले. "तुम्ही दार उघडतस का नही, ते देखाले येस मी." थोडा दम घेऊन म्हणाल्या, "अन एखाद दिन मी उनू नही, तर तुम्ही देखाले येशात, हाई बी माले माहीत व्हतं. इतला संशयी माणूस घरमा बठी राहस का?"

डहाळी अजून माझ्या हातातच होती.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन चालू असताना बाहेरच्या बाकावर मी कितीतरी दिवसांनी मनापासून प्रार्थना केली, आणि पहिल्यांदाच पुरावा मागितला नाही. मागणं मान्य झालेलं होतं, रोज सकाळी सातला ते माझ्या फाटकाशी येत होतं, आणि मी त्याच्याकडे तिकीट मागत होतो. प्रभू मंडळीतलंच माणूस पाठवेल हा माझा हट्ट. त्याने ज्या बाईला पाठवलं, तिच्या देव्हाऱ्यात मुक्ताई आहे. कोणाला पाठवायचं हे त्याच्यावर सोडावं, इतकं मला आता समजलंय. तो आहे का, हे मी आता विचारत नाही. रविवारी चर्चला जातो, दाराशी बसतो. पाळकसाहेबांची माफी मागितली.

अक्का आता वॉकर धरून घरात फिरतात. सकाळी सातला मी त्यांचं दार वाजवतो. माझ्या अंगणातलं झाड हिरवंगार आहे, तरी म्हणतो, "अक्का, थोडा कढीपत्ता द्या ना."

"रोज कशाले लागस भाऊ इतला?" त्या आतून विचारतात.

"फोडणीले," मी म्हणतो, आणि त्या दार उघडेपर्यंत थांबतो.