हैबतीचा पाय आणि कोंडाजीचा बांध

कापड्याच्या हैबतीच्या अंगावरून वारं गेलं ते भांडताना. दुसरं काही करताना गेलं असतं तर गावाला नवल वाटलं असतं. माघातली सकाळ होती, समोर चुलतभाऊ कोंडाजी होता आणि मधे दोघांच्या खाचरांमधला बांध होता. शिवीच्या जोडीला हैबतीनं उजवा हात उगारला आणि शिवीसकट आडवा झाला. उजवी बाजू गेली. जीभ मात्र आठ दिवसांत परत आली. तिच्यासाठी घरात कुणी नवस बोललेलं नव्हतं.

आज्यानं घातला तेव्हा त्या बांधावरून बैल चालत. पुढं दर साली नांगरताना कोंडाजी आपल्या बाजूनं चार बोटं कोरायचा, हैबती आपल्या बाजूनं पाच. तीस वर्षांत बांध इतका झिजला, की खेकड्यालाही वर आडवं होण्याची पंचाईत.

हैबतीला सव गावच्या वाटेवरच्या शुश्रूषागृहात आणून टाकलं. गरम कुंडाचं पाणी जवळ, म्हणून पुण्याच्या डॉक्टर शरच्चंद्रांनी तिथं दहा खाटा मांडल्या होत्या. डॉक्टरांचा आवाज मऊ आणि माणसाच्या चांगुलपणावर भलता विश्वास. ही कसर आया ठमाबाई भरून काढायची. ती कुंडाच्या पाण्यानं पाय शेकायची, तेल चोळायची आणि मग रोग्याला अंगणातल्या दोन बांबूंच्या कठड्यांत उभं करायची.

हैबती उभा राहीना.

"पन्नास वर्सं चाललो गो मी. आता बाईमाणूस मला चालायला शिकवनार?"

"नका चालू," ठमाबाई म्हणाली. "भांडं आनते, खाटंवरच बसा."

असा महिना गेला. मग एका रविवारी कोंडाजी केळी घेऊन आला आणि खाटेशेजारी टेकला.

"दादा, घाई नको करू. पावसाळा हितंच काढ. नांगरटीचं मी बघतो. तुझ्या बाजूचंपन."

केळी हैबतीनं खाल्ली, केळ्यांशी त्याचं वैर नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी ठमाबाईची चूल पेटायच्या आत तो कठड्याकडे न्या म्हणून ओरडत होता. तीन पावलं पडली. कोंडाजी दर रविवारी यायचा, सोमवारी हैबतीची पावलं वाढायची. डॉक्टरांना गहिवरून आलं.

"तुमच्या प्रेमानं ते उभे राहिले," त्यांनी कोंडाजीला सांगितलं. "असेच येत राहा."

कोंडाजी पांढरा पडला. गाडीभाडं खर्चून आपण दुष्मनाला चालायला शिकवतोय, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. तो पुन्हा फिरकला नाही.

आता रोगी खचणार, असं डॉक्टरांना वाटलं. हैबतीचा हिशोब वेगळा होता. "कोंड्या येत नाय म्हंजे बांधावर हाय," तो म्हणाला आणि त्या दिवशी वीस पावलं चालला.

पण डॉक्टरांची एक अट होती. ओसरीच्या चार पायऱ्या आधाराशिवाय चढल्याखेरीज घरी सोडायचं नाही. हैबती तीनदा चढला, तीनदा ठमाबाईच्या अंगावर कोसळला. तोवर मृग सरला, लावणीही उरकली. बायको बयाबाई बातमी घेऊन आली.

"कोंडाजीनं आनखी दोन बोटं बांध खाल्ला. मी शिव्या घातल्या."

"कंच्या?"

तिनं सांगितल्या. हैबतीनं सुस्कारा टाकला. "मवाळ हायत."

चौथ्या खेपेला तो पायरीशी घुटमळला. ठमाबाई वर उभी होती. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "कोंडाजी भला मानूस. त्यो सांभाळंल तुमचं शेत."

तिला मारायला हैबती चारही पायऱ्या चढून गेला. ती बाजूला सरकली आणि डॉक्टरांना हाक मारून म्हणाली, "ह्यांना सोडा आता."

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. रोज मऊ, सपाट जमिनीवर चार फेऱ्या.

कापड्याला पोचल्यावर हैबती आधी बांधावर गेला. काठी टेकून त्यानं उजवा पाय ठेवला. वाकडा पाय त्या बारीक बांधावर मावेना. घसरला आणि कोंडाजीच्या खाचरात गेला. खाली चिखल मऊ होता, सपाटही होता. हैबती तसाच पुढं चालू लागला.

कोंडाजी धावत आला. "दादा, लावनी तुडवतोस."

"दागदराची चिठ्ठी हाय. रोज चार फेऱ्या. बांधावर पाय ठरत नाय, त्याला मी काय करू?"

"मग तुझ्या खाचरातनं चाल."

"तिथं भात हाय."

तीन दिवस हैबतीनं डॉक्टरांचा शब्द मोडला नाही. कोंडाजीच्या खाचरात रोपं आडवी होऊन हातभर रुंदीची पायवाट पडली. गावानं मिटवायचा प्रयत्न केला, तर हैबतीनं चिठ्ठी पुढं केली. चौथ्या दिवशी कोंडाजी फावडं आणि घमेलं घेऊन आला आणि दात खात आपल्याच बाजूची माती ओढून बांध रुंद करू लागला.

हैबती काठीवर रेलून बघत होता.

"हिकडं अजून चार बोटं टाक," तो म्हणाला. "उजवा पाय जरा बाहीर पडतो."