मालक, ताई आणि फळ्यावरचे बाण

माजलगावजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. गुन्हेगारीशी माझा आयुष्यात एकदाच संबंध आला. एका लग्नाच्या मांडवातून माझी नवी चप्पल चोरीला गेली आणि मी कुणाला काही न विचारता दुसऱ्याच कुणाची तरी जुनी चप्पल घालून घरी आलो. म्हणजे नीट पाहिलं तर त्या प्रकरणातला एक चोर मीच. एवढ्या अनुभवावर गेल्या वर्षी तीनेक महिने मी आमच्या स्टाफरूममध्ये गुन्हेगारांच्या मनाचा जाणकार म्हणून मिरवलो.

निमित्त एका मालिकेचं होतं. शनिवार-रविवारी लागायची. बंदरावरच्या एका टोळीची गोष्ट. टोळीच्या म्होरक्याला सगळे मालक म्हणायचे, त्याच्या बहिणीला ताई. मालकाचा वीस वर्षांचा विश्वासू माणूस होता, त्याला आम्ही आमच्यापुरतं ‘उजवा’ म्हणायचो. एका भागात या उजव्याने बंगल्याचं मागचं दार दुश्मनांसाठी उघडं ठेवलं. मालक थोडक्यात वाचला. पण उजव्याने असं का केलं, हे पुढचे कित्येक आठवडे मालिकेने सांगितलंच नाही. मग ते सांगायची जबाबदारी आमच्यावर आली.

दर सोमवारी मोठ्या सुट्टीत डबे उघडले की वाद सुरू व्हायचा. माझ्यासमोर गणिताचे सर बसत. धर्मापुरीकडचे, कमी बोलणारे, पण एकदा बोलले की हलायचे नाहीत. त्यांचं म्हणणं सरळ होतं, उजव्याला स्वतःला मालक व्हायचंय. मला हे फारच बाळबोध वाटायचं. मी त्यांना समजावायचो की मनुष्यस्वभाव म्हणजे समीकरण नव्हे. उजव्याचं ताईवर एकतर्फी प्रेम आहे, आणि सातव्या भागात तो गाडीच्या आरशातून मागे बसलेल्या ताईकडे बघतो, हा त्याचा पुरावा. हा सिद्धांत मी स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इतका सविस्तर लिहिला की ‘अधिक वाचा’ दोनदा दाबावं लागायचं. त्याखाली कुणीतरी क्रीडाशिक्षकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. घरी बायकोला ऐकवला, तेव्हा ती भेंडी चिरत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि चाचणीच्या वह्या कधी तपासणार, एवढंच विचारलं.

एका सोमवारी गणिताचे सर काही केल्या ऐकेनात, म्हणून मी उठलो आणि स्टाफरूमच्या फळ्यावर आकृती काढली. मधोमध ‘मालक’. त्याच्यापासून एक बाण ताईकडे, त्यावर लिहिलं ‘वरून कडक, आतून हिला घाबरतो’. ताईखाली ‘खरी सत्ता’. बाजूला ‘उजवा हात’, त्याच्यापासून ताईकडे तुटक बाण, ‘एकतर्फी प्रेम, वीस वर्षे’. अक्षर चांगलं आलं होतं. तेवढ्यात घंटा झाली आणि मी फळा न पुसताच बारावीच्या वर्गावर गेलो.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मला तोवर खरोखरच सुचली नव्हती. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना माघारी सगळे मालकच म्हणतात. त्यांची थोरली बहीण संस्थेच्या कार्यकारिणीवर आहे, तिला सगळे ताई म्हणतात. आणि आमचे प्राचार्य वीस वर्षांपासून अध्यक्षांचे उजवे हात आहेत.

वर्गात अलंकार शिकवत असताना आमचा शिपाई दारात आला. साहेबांनी बोलावलंय, म्हणाला. मी कशाला म्हणून विचारलं, तर व्हरांड्यात चालता चालता तो हळूच म्हणाला, “फळा बगून आलेत.”

तेवढ्या वीस पावलांत मला सगळं दिसलं. 

प्राचार्यांनी मोबाइल माझ्यासमोर सरकवला. त्यात फळ्याचा फोटो होता, आणि फोटोतही अक्षर चांगलंच दिसत होतं. ते शांतपणे म्हणाले, “हे तुमचं अक्षर.”

इथे मला एक कबुली द्यायची आहे. वीस वर्षांची निष्ठा माणूस कशी मोडतो, त्यामागे किती खोल कारणं असतात, यावर मी तीन महिने भाषणं दिली होती. मला स्वतःला अर्धं मिनिटही लागलं नाही.

“अक्षर माझं आहे सर,” मी म्हणालो, “पण वाद गणिताच्या सरांनी काढला. उजव्याला खुर्ची पाहिजे, हे त्यांचं मत आहे.”

“कुणाची खुर्ची?” प्राचार्यांनी विचारलं.

आपण सुटायच्या ऐवजी अजून खोल गेलो हे माझ्या ध्यानात आलं. मग मी घाईघाईने मालिका, बंदर, बंगला, मागचं दार असा सगळा खुलासा केला. तो करताना मी दोनदा पात्रांची गल्लत केली आणि एकदा चुकून ‘आपली ताई’ म्हणालो.  टेबलावरचा पेपरवेट प्राचार्यांनी एकदा फिरवला. मी मनातल्या मनात बदलीचा अर्ज लिहायला घेतला.

मग ते म्हणाले, “सातव्या भागात तो आरशात ताईकडे बघत नव्हता. मागून येणारी जीप बघत होता. पाठलाग चालू होता त्यांचा.”

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा सुटका झाल्याचा आनंद वाटायला हवा होता, पण पहिल्यांदा मला रागच आला. माझा एकुलता एक पुरावा जात होता. मी खुर्ची पुढे ओढली आणि पाठलाग असता तर त्याने गाडी जोरात पळवली असती, असं सुनावलं. प्राचार्यांच्या मते त्याला ताईने धमकावलं होतं आणि दार तिच्याच हुकमाने उघडलं गेलं. आमचं हे पंधरा-वीस मिनिटं चाललं. बारावीचा वर्ग तिकडे उपमा आणि उत्प्रेक्षेच्या मधोमध तसाच बसून होता.

मध्येच शिपाई चहा घेऊन आला. तो मूळचा चकलांब्याकडचा. आई-वडील ऊसतोडीला जायचे, तोही नोकरी लागेपर्यंत दरसाल त्यांच्याबरोबर कोयता घेऊन जायचा. आमच्या वादांच्या वेळी तो स्टाफरूममध्ये पाण्याचा जग भरत असायचा, पण त्याचं मत विचारायचं आम्हाला कधी सुचलं नव्हतं. प्राचार्यांनी आपली बाजू भक्कम करायला म्हणून त्याला विचारलं, तू बघतोस का रे ती मालिका?

“बगतो की,” तो म्हणाला. “साहेब, त्यो मानूस वीस वर्सं त्या घरात हाय. एका बी भागात बसलेला दावा मला. मालक जेवतो, ह्यो दाराला उभा. ताईचं कुत्रं बी सोफ्यावर बसतंय. त्यानं दार कुनासाठी उघडलं न्हाई. आपल्या हातानं काय हुतंय का, ते बगितलं त्यानं.”

मी आणि प्राचार्य दोघंही बसलेलो होतो. चहा गार होत होता. प्राचार्यांनी माझ्या शेजारच्या खुर्चीकडे बोट करून म्हटलं, बस की मग. त्यावर तो म्हणाला, “न्हाई साहेब, घंटा द्यायचीय,” आणि ट्रे घेऊन निघून गेला. नंतर मी मुकाट्याने जाऊन फळा पुसला. डस्टर सापडेना, म्हणून रुमालाने पुसला.

त्या संध्याकाळी मी मोबाइलवर जुने भाग पुन्हा पाहिले. उजवा खरंच कुठे बसत नव्हता. फक्त गाडी चालवताना बसलेला दिसायचा, पण ते बसणं धरायचं की नाही, हे मला ठरवता आलं नाही.

गणिताच्या सरांना मात्र मी वेगळीच हकिकत सांगितली. प्राचार्य तापले होते, पण मी तुमचं नाव काही ओठावर येऊ दिलं नाही, वगैरे. ते शुक्रवारपर्यंत टिकलं. शुक्रवारी कॉलेज सुटल्यावर आम्ही दोघं फाट्याकडे चालत निघालो होतो. उसाचे ट्रॅक्टर जात होते म्हणून कडेला थांबावं लागलं, आणि तिथे मला राहवेना. मी सांगून टाकलं की मी तुमचं नाव घेतलं, तेही प्राचार्यांनी न विचारता.

गणिताच्या सरांनी समोरचा ट्रॅक्टर पूर्ण जाऊ दिला. मग म्हणाले, “तुमच्या आधी मलाच बोलावलतं.”

“मग?”

“मग काय. मी म्हणलो, अक्षर मराठीच्या सरांचं हाय.”

 फाट्यावर त्यांनी पेरू घेतले आणि मोठा पेरू मला दिला. त्यामागचा त्यांचा हेतू मी अजिबात शोधला नाही.

पुढच्या रविवारी मालिकेने एकदाचं कारण सांगितलं. दुश्मनांनी उजव्याच्या म्हाताऱ्या आईला डांबून ठेवलं होतं म्हणे. ही आई त्याआधी एकदाही दिसली नव्हती, तिचा साधा उल्लेखही नव्हता. आम्ही सगळेच चुकलो होतो. सोमवारी डबे उघडले, पण वाद घालायला कुणी तोंड उघडेना. शिपाई जग भरत होता. मी त्याला म्हणालो, बघ, तुझंही चुकलं.

“माजं कुटं चुकलं सर,” तो म्हणाला. “मालिकावाल्यांना सांगता येईना, म्हून म्हातारी आनली.”

गणिताचे सर मान खाली घालून हसले. मी शेजारची खुर्ची ओढून त्याला बसायला सांगितलं, जरा जास्तच आग्रहाने. त्याने माझ्याकडे, मग खुर्चीकडे पाहिलं आणि जग माझ्यासमोर ठेवून, बाकीच्यांचं पाणी राहिलंय म्हणत बाहेर गेला.